डबल स्टँड

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. पण दातवाल्यांचं पोट आयुष्यभर दातांवरच चाललं होतं. शहरातल्या एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, कवळ्या बनवायची कार्यशाळा होती. तिथे ते कामाला होते. दातांच्या डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यात एकेक दात बसवायचा. स्वभाव अबोल, अंगकाठी किरकोळ, आणि उंची अशी की शाळेच्या प्रत्येक फोटोत ते पहिल्या रांगेत, मांडी घालून. लग्नाचं वय आलं आणि गेलं. आधी धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं, मग वडिलांचं अंथरूण. सगळं निस्तरलं तोवर डोक्यावरचे केस निम्मे उरले होते.

अशा वयात त्यांचं लग्न जमलं ते एका कवळीमुळे. एक नर्सबाई तावातावानं जिना चढून कार्यशाळेत आल्या आणि त्यांनी रुमालातली कवळी टेबलावर ठेवली. "ही माझ्या आईची. जेवताना टाळ्या वाजवते."

दातवाल्यांनी ती घासूनपुसून दिली. बाई पुन्हा आल्या. कवळी आता टाळ्या वाजवत नव्हती, पण शिट्टी मारत होती. त्यांनी पुन्हा घासली. मग ती बसली एकदाची. त्यानंतर बाईंना जिना चढायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी त्या आल्या. दातवाल्यांच्या एवढं लक्षात आलं आणि त्यांच्या हातातलं मेण वितळून टेबलावर सांडलं.

बाईंचे पहिले यजमान टेलिफोन खात्यात होते. उंचापुरा, हसरा माणूस. चार वर्षांपूर्वी बसल्या जागी गेला. मागे राहिल्या त्या बाई, त्यांची लेक, आणि एक काळी, अवजड मोटारसायकल.

लेकीला घरात 'छोटी' म्हणत. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून पडलेलं नाव. पुढे ती बापासारखी ताडमाड वाढली, दारातून जाताना मान लववायला लागली, पण नाव काही वाढलं नाही. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत ती उमेदवारी करत होती. पायात जाड बूट, पाठीला पान्यांची पिशवी, नखांत ग्रीस.

आईच्या लग्नाला तिनं आडकाठी केली नव्हती. सह्या करायच्या वेळी दातवाल्यांचं पेन उमटेना, तेव्हा स्वतःचं पेन तिनंच पुढं केलं होतं. अडलं ते फक्त एका शब्दापाशी. या माणसाला हाक काय मारायची? 'बाबा' म्हणावं तर बाबा एकच होते. 'काका' म्हणावं तर काका काही आईशी लग्न करत नसतात. नावानं हाक मारली असती तर आईनं डोळे वटारले असते. मग छोटीनं हाकच सोडून दिली. "आई जेवायला बोलावतेय." "ऐकताय का?" "चहा झालाय." कुणाचंच नाव न घेता बोलायची कला तिला साधली. मैत्रिणीशी फोनवर बोलताना मात्र ती 'आमच्याकडचे दातवाले' म्हणायची. एकदा त्यांच्या कानावर ते पडलं. राग आला नाही. आपल्याला निदान काहीतरी नाव आहे, याचं बरंच वाटलं.

त्यांची स्वतःची तऱ्हा तर त्याहून न्यारी. पहिले कित्येक महिने ते त्या विशीतल्या पोरीला 'तुम्ही' म्हणत. "तुम्ही अंघोळीला आधी जाणार का?" ती हसू दाबून मान हलवायची. शेवटी बाईंनीच झापलं, "अहो, ती काय तुमची साहेब लागून गेलीय?" तेव्हा ते 'तू'वर आले, पण 'तू' म्हणायच्या आधी घसा खाकरायचे.

घरापासून स्टेशन लांब होतं. मधली बस होती ती बंद झाली. तेव्हा बाईंनी फर्मान काढलं, "दोघं एकाच लोकलनं शहरात जाता, मग स्टेशनपर्यंत एका मोटारसायकलवर जायला काय झालं?"

दातवाल्यांना मोटारसायकल येत नव्हती. तरुणपणी एकदा मित्राच्या गाडीवर बसून पाहिलं होतं. दोन्ही पाय लोंबकळत राहिले, जमिनीला लागेनात, आणि विषय तिथंच मिटला. म्हणून छोटी पुढं आणि ते मागं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आई पोराला शाळेत सोडायला निघालीय. मागं बसले की ते सीटमागचं कडं दोन्ही हातांनी घट्ट धरत. खड्डा आला, वळण आलं, तरी हात कड्यालाच. पुढच्या खांद्याचा आधार घ्यावा असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही; पण मनातलं सगळंच हातात येतं थोडंच?

स्टेशनबाहेर पत्र्याची लांबलचक शेड होती. तिथं मोटारसायकली आणि स्कूटर खांद्याला खांदा लावून उभ्या असत. शेड सांभाळणाऱ्याला सगळे 'शिट्टी' म्हणत, कारण शिट्टी तोंडातून काढून तो फक्त जेवायचा. त्याचे दोन नियम होते. गाडी तिरक्या स्टँडवर लावायची नाही, सरळ डबल स्टँडवर चढवायची, म्हणजे जागा कमी लागते. आणि हँडल लॉक करायचं नाही, म्हणजे अडलेल्या माणसाला शेजारची गाडी सरकवता येते. "एकमेकांवर भरवसा ठेवा, नाहीतर दुसरं स्टेशन बघा," असं तो शिट्टीच्या कडेनं म्हणायचा.

छोटी गाडी रांगेत घालायची, बुटाची टाच स्टँडवर रोवायची आणि एका झटक्यात ते काळं धूड उचलून मागं घ्यायची. दातवाले तोवर तिचं हेल्मेट आणि पान्यांची पिशवी धरून उभे राहत. मग दोघं पूल चढून फलाटावर जात. तिथं तिच्या कामावरच्या दोघी-तिघी तिची वाट पाहत असत. त्यांना बघून दातवाले "बरं मग" म्हणून फलाटाच्या पार टोकाला चालू लागत आणि शेवटच्या डब्यात बसत. पोरींच्या गप्पांत आपलं ओझं कशाला? छोटीला वाटायचं, त्यांना शेवटचा डबाच आवडतो.

एका सकाळी गाडी काही चढेना. छोटीनं एकदा झटका दिला, दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून बारीक 'स्स' निघालं आणि गाडी कशीबशी स्टँडवर बसली. दातवाल्यांनी पाहिलं. उजव्या हाताची बाही तिनं बोटांपर्यंत ओढून घेतली होती.

"घ्... तू... हाताला काही लागलंय का?"

"काही नाही. काल जरा मुरगळला. आईला सांगू नका, उगाच दवाखाना करेल घराचा."

"उद्यापासून मी लावत जाऊ का गाडी?"

"तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते," छोटी म्हणाली. वाईट हेतूनं नाही. खरं होतं ते म्हणाली. पण पूल चढताना तिचं तिलाच ते टोचलं असावं, कारण त्या दिवशी ती मैत्रिणींकडे जायच्या आधी क्षणभर घुटमळली. दातवाले मात्र तोवर टोकाकडे निघाले होते.

त्या दिवशी कार्यशाळेत त्यांचं चित्त लागेना. एका कवळीला त्यांनी वरचे दात खाली बसवले. मालकांनी विचारलं, "आज तब्येत बरी नाही का?" ते म्हणाले, "नाही, म्हणजे, बरी आहे." डोळ्यांपुढं सारखी ती ओढलेली बाही येत होती. संध्याकाळी रांगेतून गाडी बाहेर ओढणं हे सकाळी लावण्यापेक्षाही अवघड. दोन्ही बाजूंनी दुसऱ्या गाड्या चिकटलेल्या, मागं हात घालायला जागा नाही, आणि गाडी स्टँडवरून उतरवायची म्हणजे सगळा भार मनगटावर. आपण आधीच्या लोकलनं गेलो, गाडी बाहेर काढून रस्त्याकडे तोंड करून ठेवली, तर पोरीला नुसतं बसून निघता येईल. येत नाही म्हणजे काय? लोक उतरवतातच ना? हँडल लॉक नसतं. किल्लीही लागत नाही.

मालकांची परवानगी घेऊन ते लवकर निघाले.

शेडमध्ये अजून गर्दी झाली नव्हती. शिट्टी पलीकडच्या फाटकाशी कुणाशी तरी हुज्जत घालत होता. दातवाल्यांनी पिशवी बाजूला ठेवली, बाह्या सरसावल्या आणि गाडीचं हँडल धरलं. पुढं ढकलली. हलली नाही. जरा जोर लावला. तरी नाही. मग त्यांनी डोळे मिटून, श्वास रोखून, छाती लावून ढकललं. गाडी टुणकन स्टँडवरून उतरली, आणि उतरल्यावर थांबायचं असतं हे काही तिला ठाऊक नव्हतं. ती त्यांच्याकडे कलली. त्यांनी जिवाच्या आकांतानं ती पलीकडे लोटली. पलीकडे एक लाल स्कूटर होती. स्कूटरच्या पलीकडे आणखी एक मोटारसायकल. पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी ती रांग एकापाठोपाठ एक, अगदी सावकाश, आडवी होत गेली. शेवटची स्कूटर क्षणभर विचार करत उभी राहिली आणि मग तीही पडली. कुठंतरी काच फुटली.

दातवाले लाल स्कूटर उचलायला वाकले.

"अहो! अहो, काय चाललंय?" पुलावरून उतरणारा एक आडदांड माणूस धावत आला. अंगात कुरिअर कंपनीचा शर्ट होता. पडलेल्या रांगेत त्याचीही गाडी होती. "ही गाडी तुमची आहे?"

"नाही... म्हणजे, हो."

"किल्ली दाखवा."

"किल्ली नाही माझ्याकडे."

"वा! किल्ली नाही, गाडी तुमची नाही, आणि ओढून कुठं नेत होतात?" कुरिअरवाल्याचा आवाज चढला. चार माणसं जमली. त्यातल्या एकानं दातवाल्यांचा दंड धरला. पळून जायचं दातवाल्यांच्या मनातही नव्हतं. ते एका हातानं लाल स्कूटर उभी करायची धडपड करत होते.

"गाडी कुणाची, ते सांगा आधी."

"छोटीच्या वडलांची."

"मग ते कुठं आहेत?"

"ते... वारले."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुरिअरवाल्याचा आवाज जरा उतरला. "बरं. मग तुम्ही कोण?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? एक उत्तर सोपं होतं, आणि दिलं असतं तर सगळे गप्प बसले असते. पण ते उत्तर द्यायला ज्या पोरीची परवानगी लागते, तिला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. न विचारता कुणाचं काही घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"मी मागं बसतो," ते म्हणाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि तेवढ्यात, त्या सगळ्या डोक्यांच्या वरून, एक आवाज आला.

"दंड सोडा त्यांचा."

छोटी कधी पूल उतरून आली होती, कुणाला कळलं नव्हतं. ती गर्दीतून सरळ पुढं आली आणि दातवाल्यांच्या शेजारी उभी राहिली. तिनं खिशातून किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"गाडी माझी आहे. आणि हे आमचे आहेत."

"आमचे म्हणजे?" कुरिअरवाल्यानं विचारलं.

"आमचे म्हणजे आमचे. आमच्या घरचे. आता तुम्ही भांडणार आहात का गाड्या उचलायला हात लावणार आहात?"

इतकी उंच मुलगी, आणि जाड बूट घातल्यासारखा आवाज; कुरिअरवाला दोन पावलं मागं सरला. मग पुढं येऊन त्यानं पहिली गाडी उचलली.

शिट्टी धावत आला आणि पडलेली रांग बघून त्याच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. सगळ्यांनी मिळून गाड्या उभ्या केल्या. फार मोठं नुकसान नव्हतं. एक आरसा फुटला होता, कुरिअरवाल्याचा ब्रेकचा दांडा वाकला होता, लाल स्कूटरच्या दिव्याची काच तडकून लोंबत होती.

"चला, झालं," शिट्टी म्हणाला. "जा आता तुम्ही. मी सांगतो लोकांना."

"नाही, नाही," दातवाले म्हणाले. "सगळ्यांच्या गाड्या मी पाडल्यात. मी सांगून जातो."

छोटीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुलाकडे पाहिलं, आणि शेडच्या कट्ट्यावर बसकण मारली. "बसा तर मग. अजून निम्मं शहर यायचंय."

लोकल येत राहिल्या. दर लोकलला माणसांचा लोंढा पूल उतरायचा, आणि त्यातला कुणी आपल्या रांगेपाशी आला की दातवाले उठून पुढं जात. "माफ करा, तुमची गाडी माझ्या हातून पडली. बघून घ्या." एकजण खेकसला. एकानं नीट ऐकूनही घेतलं नाही, कानात वायर होती. आरसा फुटलेल्या गाडीच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "तो आरसा ना? तो गेल्या वर्षीच फुटायला हवा होता. त्यात मी फार जाड दिसते." तरी दातवाल्यांनी तो बदलून द्यायचं कबूल केलं.

मधल्या वेळात त्यांनी पिशवीतून गुलाबी मेणाची पट्टी काढली, शिट्टीकडून काडेपेटी घेतली, मेण ऊन करून लाल स्कूटरची तडकलेली काच बसवली आणि नखानं कडा अशा साफ केल्या की बघत राहावं. स्कूटरवाला पोरगेलासा तरुण होता. वाकून बघत म्हणाला, "ही काय हिरडी आहे का?"

"हिरडीच आहे," छोटी म्हणाली. "घासत जा रोज."

तो हसत हसत निघून गेला. छोटीही हसली, आणि हसता हसता तिनं उजवा हात टेकवला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बघू," दातवाले म्हणाले. घसा खाकरायचं ते विसरले.

तिनं बाही वर केली. मनगट टम्म सुजलं होतं. दिवसभर त्याच हातानं तिनं काम केलं होतं. उमेदवारीतली एकटी मुलगी. दुखतंय म्हटलं तर उद्यापासून ऑफिसात टेबलकामाला बसवतील, म्हणून बोलली नव्हती. दातवाल्यांनी रुमाल पाण्यात भिजवला, मनगटाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरला आणि बोटांना कळणारही नाही इतक्या हलक्या हातानं बांधला. आयुष्यभर मेणात आणि प्लास्टरमध्ये वावरलेली बोटं ती.

"म्हणून गाडी काढत होतात?" तिनं विचारलं.

"हं."

"मी सकाळी फार तोडून बोलले."

"खरंच बोललीस. नाही झालं माझ्याच्यानं."

आता गाडी नेणार कोण? एकाच्या हाताला जोर नव्हता, एकाचे पाय पोचत नव्हते. शेवटी ती शिट्टीच्या हवाली केली आणि दोघं चालत घराकडे निघाले. दातवाल्यांनी पान्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. ती इतकी जड होती की ते एका बाजूला कलून चालत होते, पण द्यायला तयार नव्हते.

रस्त्याला दुकानांचे दिवे लागले होते.

"बाबांनीपण पाडली होती," छोटी एकदम म्हणाली.

"काय?"

"हीच गाडी. नवीन घेतली त्या दिवशी. शोरूमच्या दारातच. मी मागं बसले होते, सहा-सात वर्षांची असेन. बाबांनी ऐटीत एक पाय टेकवला तो ओल्या फरशीवर, आणि गाडी, बाबा, मी, तिघंही आडवे. सगळा शोरूम बाहेर आला बघायला." ती हसायला लागली. "घरी येताना मला म्हणाले, आईला सांगितलंस तर बघ. टाकीला पोचा आहे ना, आईला वाटतं तो कुणीतरी पार्किंगमध्ये पाडला."

"अजून सांगितलं नाहीस?"

"कुणालाच नाही. आत्ता तुम्हाला."

दातवाल्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढच्या दिव्यापर्यंत नाकासमोर बघत चालले. त्या माणसाला त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं, भिंतीवर, हसताना. तो फरशीवर आडवा पडलाय हे कल्पून त्यांना त्याच्याविषयी पहिल्यांदाच माया वाटली.

घरी पोचल्यावर नर्सबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं. "एक लपवते, दुसरा झाकतो! मी बाहेर जगाचे हात बांधते आणि माझ्या घरात ही तऱ्हा." दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर हाडाला बारीक चीर निघाली. हात प्लास्टरमध्ये गेला. छोटीनं साहेबांना फोन करून खरं काय ते सांगितलं. साहेब म्हणाले, हात बरा होईपर्यंत टेबलावर लिफ्टचे नकाशे शिक, तेही लागतात. ज्याची तिला भीती होती ते एवढंच निघालं.

गाडी आणायला शिट्टीच्या ओळखीचा एक मेकॅनिक आला, तेव्हा छोटीही त्याच्याबरोबर गॅरेजला गेली. आली ती रिक्षानं, एकटीच. दोन दिवसांनी गाडी घरी आली तेव्हा बाई दारातच थबकल्या. सीट बदललं होतं. आतला फोम कापून ते चांगलं चार बोटं खाली आणलं होतं, वर नवं कव्हर होतं.

बाईंनी सीटवरून हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. "अगं, तुझ्या बाबांची जागा होती ती."

"जागा तीच आहे, आई. जरा खाली आणलीय." छोटीनं जुनं कव्हर पिशवीतून काढून आईच्या हातात दिलं. बाईंनी ते घडी घालून कपाटात ठेवलं, साड्यांच्या खाली.

रविवारी सकाळी शेड रिकामी असे. तिथं शिकवणी सुरू झाली. छोटी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून समोर उभी, दातवाले हेल्मेटमध्ये बुडालेले, आणि शिट्टी कट्ट्यावर प्रेक्षक.

"पाय टेकवा. दोन्ही. टेकले ना?"

"टेकले!" दातवाल्यांनी खाली वाकून खात्री करून घेतली. खरंच टेकले होते. टाचा नाही, पण चवडे पुरते.

"आता क्लच हळू सोडा. हळू म्हटलं की हळू. कवळी घासताय असं समजा."

गाडी चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा सशासारखी उडाली, आणि शिट्टीनं पाय वर घेतले. पण चार रविवारांत ते शेडभोवती गोल फिरायला लागले. गाडी चालवण्यापेक्षा डबल स्टँडवर चढवायला त्यांना जास्त वेळ लागला. ते हातांनी उचलायला बघत.

"हातांनी नाही हो! ताकदीचं काम नाही ते. स्टँडवर पाय ठेवायचा आणि त्या पायावर उभं राहायचं. सगळं वजन तिथं. गाडी आपोआप मागं येते."

"मला वजनच किती आहे?"

"आहे तेवढं पुरतं. विचार करू नका, उभे राहा नुसते."

ते उभे राहिले. गाडी कुरकुरली, मागं सरकली आणि खाडकन स्टँडवर बसली. दातवाल्यांनी हात सोडून बघितले. गाडी जागची हलली नाही. शिट्टीनं अशी लांब शिट्टी मारली की वरच्या पुलावरची माणसं कठड्यावरून वाकून बघू लागली.

मग रोज सकाळी दातवाले पुढं आणि छोटी मागं असं सुरू झालं. तिची हनुवटी त्यांच्या हेल्मेटच्या वर यायची, त्यामुळं रस्ता तिलाही दिसायचा आणि सूचना थांबायच्या नाहीत. चांगला हात ती त्यांच्या खांद्यावर ठेवून बसायची. प्लास्टर निघाल्यावर कोण पुढं बसणार यावर एक दिवस वाद झाला, आणि जाताना ती, येताना ते, असा तह झाला. फलाटावर ते टोकाकडे निघाले की ती ओरडायची, "अहो, कुठं चाललात? इथं जागा आहे." तिच्या मैत्रिणींना दातवाल्यांचे किस्से आवडायला लागले, लोक कवळ्या कुठंकुठं विसरतात, ते ऐकून एकीला तर ठसका लागला होता.

हाक मात्र अजून सापडली नव्हती. 'अहो'वर काम चाललं होतं. बाई चिडवायच्या, "अहो तू म्हणतेस, अहो मी म्हणते. ते दोघींनाही ओ देतात. मला कळतच नाही कुणाचा नंबर."

पुढं हिवाळ्यात छोटीला एका मोठ्या इमारतीचं काम मिळालं, आणि आठवड्यातून दोनदा तिला यायला उशीर होऊ लागला. दातवाले त्या दिवशी आधीच्या गाडीनं येत, मोटारसायकल बाहेर काढून ठेवत आणि शेडच्या कट्ट्यावर बसत. पुलावरून उतरणारी माणसं जाता जाता त्यांच्याशी बोलत. मास्तरीणबाई नव्या आरशात बघून केस सारखे करत. लाल स्कूटरवाला "हिरडी शाबूत आहे" म्हणून सांगून जाई.

अशाच एका संध्याकाळी कुरिअरवाला आला. गाडीवर बसता बसता थांबला.

"काय, आज एकटेच? मुलगी कुठंय तुमची?"

"पुढच्या गाडीनं येतेय," दातवाले म्हणाले. "काम वाढलंय तिचं."

"थंडी आहे. आत बसा जरा."

तो गेला. दातवाल्यांनी मफलर कानांवरून ओढून घेतला. 'मुलगी तुमची' याला आपण सहज ओ दिली, हे त्यांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. मग ते उठले, शेडमध्ये उगीचच एक फेरी मारली, आणि पुन्हा येऊन बसले.

पुलावर पावलं वाजायला लागली. सगळ्या डोक्यांच्या वर एक डोकं दिसलं. तिनं वरूनच हात केला आणि ओरडली, "अहो, भूक लागलीय जाम! आईनं काय केलंय?"

"विचारलं नाही!" ते खालून ओरडले. "चल, जाऊन बघू."